लग्नाचा दाखला मिळतो, मग घटस्फोटाचा का नाही?

परवा शुक्रवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. मी नुकताच हिंजवडीहून घरी पोचलो होतो, बूटसुद्धा काढले नव्हते.

"तू कॉम्प्युटरवाला ना रे? मला एक कागद शोधून दे."

आमच्या खानदानात कॉम्प्युटर इंजिनियर म्हणजे प्रिंटर दुरुस्त करणारा, रेल्वेचं तिकीट काढणारा आणि मोबाइलमधले डिलीट झालेले फोटो परत आणणारा माणूस. त्यामुळे मला वाटलं की वीजबिल नाहीतर सातबारा असेल. म्हटलं, "कुठला कागद?" तर पलीकडे जरा शांतता. मग म्हणाली, "तोच. कोर्टाचा."

ताई म्हणजे माझी मामेबहीण. मामाचं घर सोमाटण्यात, गावठाणात. मी फाट्यावर भाड्याने राहतो, चालत दहा मिनिटं. ताईचं पहिलं लग्न मोडलं तेव्हा मी दहावीच्या क्लासला जात होतो. परस्परसंमतीने घटस्फोट झाला २०१३ मध्ये. त्यानंतर घरात तो शब्द कोणी उच्चारला नाही. "ते प्रकरण", "तेव्हाचं", "कोर्टाचं" असंच बोलायचे सगळे. आता बारा वर्षांनी ताई पुन्हा लग्न करतेय (टाळ्या!). विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरलंय, आणि तिथे पहिला प्रश्न हाच असतो... आधीचं लग्न संपल्याचा पुरावा काय? कायद्याची पहिली अटच ती आहे की दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा, म्हणजे असला तरी कायद्याने वेगळा झालेला असावा.

तिच्याकडे पुरावा म्हणून होती एक झेरॉक्स. तीही झेरॉक्सची झेरॉक्स. शिक्का म्हणजे एक काळा गोळा आणि खाली तारीख अर्धी कापलेली. मूळ फाइल मामांनी माळ्यावर टाकली होती. २०१९ मध्ये घर पाडून नवीन बांधलं तेव्हा ती भंगारवाल्याकडे गेली. मामांना विचारलं तर म्हणाले, "मला तो कागद घरात नकोच होता." यावर काय बोलणार? मी गप्प बसलो. ज्या वकिलांनी केस चालवली ते आता हयात नाहीत.

तर मंडळी, आमचा शनिवार-रविवार या कामात गेला, आणि पुढचे दोन आठवडेही. आज लिहितोय ते दोन कारणांनी. एक, हे कसं करायचं ते कोणीतरी सरळ मराठीत सांगायला हवं. आणि दुसरं, हे सगळं करताना मला एका गोष्टीचा मनापासून राग आला. तो राग शेवटी सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. घटस्फोटाचा "दाखला" नावाची गोष्ट आपल्याकडे नसते. ग्रामपंचायतीत जन्माचा दाखला मिळतो, मृत्यूचा मिळतो. लग्नाचाही मिळतो, कारण महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाह नोंदणी होते. पण घटस्फोटाची नोंद ठेवणारं कुठलंही ऑफिस नाही. असतो तो कोर्टाचा निकाल, आणि तो असतो ज्या कोर्टाने दिला त्याच कोर्टात. आमच्या मामी बिचाऱ्या ग्रामपंचायतीत चौकशी करायला निघाल्या होत्या. चूक त्यांची नाही, कोणालाही तसंच वाटेल.

दुसरा गैरसमज स्टँपपेपरचा. आमच्या मावळात अजूनही कोणीतरी भेटतंच, जे छातीठोकपणे सांगतं की शंभराच्या स्टँपवर दोघांनी सह्या केल्या, नोटरीचा शिक्का मारला, झाली फारकत. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत... शब्द जुने आहेत आणि काही समाजांत तशी रूढी होतीही. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २९(२) त्या रूढीला मान्यता देतं. पण ती रूढी आपल्या समाजात खरोखर चालत आलेली आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. नुसता स्टँपपेपर म्हणजे काही घटस्फोट नव्हे. त्याच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते लग्नच अडचणीत येतं, आणि त्याचे चटके मुलांना बसतात.

बरं, मग कुठलं कोर्ट? इथेच आमची पहिली विकेट पडली. कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लग्न जिथे लागलं, समोरचा माणूस जिथे राहतो, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले, यापैकी कुठेही अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर बायकोने अर्ज केला असेल तर ती जिथे राहते तिथेही. ताईचं लग्न लागलं सोमाटण्यात, सासर चिंचवडला, शेवटचे काही महिने दोघं राहिले कोथरूडला, आणि मग ती माहेरी. म्हणजे वडगाव मावळ की पिंपरी की शिवाजीनगरचं कौटुंबिक न्यायालय? पुणे शहरातल्या केसेस कौटुंबिक न्यायालयात जातात. कौटुंबिक न्यायालयाची हद्द नसते तिथे दिवाणी न्यायालयाच्या वरिष्ठ स्तराकडे. ताईला फक्त आठवत होतं की कोर्टाबाहेर वडाचं झाड होतं आणि तिने उसाचा रस घेतला होता. आता महाराष्ट्रात असं कुठलं कोर्ट आहे जिथे बाहेर रसवंतीगृह नाही? :-)

मग उघडली ई-कोर्ट्सची साइट. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांच्या केसेसची माहिती तिथे फुकट मिळते. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर नंबर असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग कोर्टाचे दोन अंक, मग केसचा नंबर आणि शेवटी साल. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की. तो नंबर हातात असला की काम पाच मिनिटांचं. आमच्याकडे अर्थातच नव्हता, आणि कॉलेजमध्ये डेटाबेसच्या सरांनी सांगितलेलं एकमेव उपयोगी वाक्य आठवलं की की नसेल तर टेबल शोधत बसा!

नावाने शोधायची सोय आहे. कोर्ट निवडायचं, नावाची निदान तीन अक्षरं टाकायची, साल टाकायचं, केस चालू आहे की निकाली हे सांगायचं. आम्ही टाकलं २०१३. काहीच नाही. मग लक्षात आलं की साल हवं केस दाखल झाल्याचं, निकालाचं नाही. परस्परसंमतीच्या अर्जात कायद्यानेच सहा महिने थांबावं लागायचं (ती मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, पण ताईची केस त्याआधीची). म्हणजे साल २०१२. पुन्हा शोधलं. तरी नाही. स्पेलिंग बदलून पाहिलं, आडनावातला एक डबल ए काढला, एक घातला. नाही.

मी वैतागून लॅपटॉप मिटणार तेवढ्यात ताई म्हणाली, "थांब. मी टाइप करते." आणि तिने सासरचं नाव टाकलं. बारा वर्षांत तिने ते नाव कुठेही लिहिलेलं नव्हतं. बँक, आधार, पॅन, ऑफिस, सगळीकडून घालवलं होतं. केस मात्र त्याच नावाने दाखल झालेली. पहिल्याच झटक्यात सापडली. दोन नावं, मधे "विरुद्ध"सारखं काहीतरी, शेवटी "निकाली". ताई बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. मी आत जाऊन चहा टाकला.

तर शोधणाऱ्यांनो, लक्षात ठेवा. दाखल झाल्याचं साल टाका, दोन्ही आडनावं टाका, नवऱ्याच्या नावानेही शोधा आणि स्पेलिंगशी खेळा. जुन्या केसेस नसतीलही साइटवर. तेव्हा कोर्टात जाऊन चौकशी करायची, निकालाचा अंदाजे महिना सांगायचा आणि रजिस्टरमधून नंबर काढून घ्यायचा. ऑनलाइन केस दिसली तरी निकालाची प्रत तिथे मिळेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. कलम २२ प्रमाणे या केसेस बंद दाराआड चालतात आणि त्यातला मजकूर छापायला किंवा प्रसिद्ध करायला बंदी आहे. ते योग्यच आहे. त्यावर पुढे बोलतो.

नंबर मिळाला की पुढची पायरी नक्कल अर्ज. प्रत्येक कोर्टात नकला देणारा विभाग असतो. अर्जात केस नंबर, दोघांची नावं, निकालाची तारीख, आणि कुठल्या कागदाची नक्कल हवी ते लिहायचं. इथे एक महत्त्वाची गोष्ट, जी आम्हाला दुसऱ्या फेरीत कळली. निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. निकालपत्रात कोण काय म्हणालं, कोर्टाने काय मानलं, हे सगळं असतं. हुकूमनाम्यात असतं फक्त फळ... अमुक तारखेला झालेला विवाह विसर्जित करण्यात आला. दोन्हींची नक्कल मागा, आणि मागायच्याच तर तीन-चार प्रती मागा. अर्जाला कोर्ट फी स्टँप, पानांप्रमाणे नकलेची फी, आणि ओळखपत्र. जुनी फाइल अभिलेख कक्षातून काढून आणावी लागते, त्यामुळे धीर धरा. नक्कल मिळाली की मागच्या बाजूला बघा. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली या तारखा आणि सही-शिक्का असायला हवा. नसेल तर ती नुसती झेरॉक्स आहे.

आणि हे तर मला माहीतच नव्हतं: कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची एक प्रत दोन्ही बाजूंना कोर्टाने मोफत द्यायची असते. १९७६ पासूनची तरतूद आहे. म्हणजे मामांच्या त्या भंगारात गेलेल्या फाइलमध्ये ती असणारच. ज्यांचे निकाल आत्ताच झालेत त्यांनी ती मागून घ्या आणि तिथल्या तिथे स्कॅन करा.

कोणीतरी "माहितीचा अधिकार टाक की" असा सल्ला देईलच. आम्हालाही मिळाला, व्हॉट्सअ‍ॅपवरून. उपयोग नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की कोर्टाच्या नियमांत नकला मिळायची सोय असताना त्या माहिती अधिकारात मागता येत नाहीत. आणि तुम्ही त्या केसमधले नसाल तर नक्कल का हवी याचं कारण सांगून कोर्टाचं समाधान करावं लागतं.

आता दुसरी बाजू. होणारे भाऊजी सॅन होजेला असतात. त्यांचंही हे दुसरं लग्न. पहिलं लागलं पुण्यात, मोडलं तिकडे, सांता क्लारा काउंटीत. (काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा. कॅलिफोर्नियात अशा ५८ आहेत.) त्यांना काय करावं लागलं? काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या क्लार्कला केस नंबर लिहून अर्ज पाठवला, फी भरली, प्रमाणित प्रत पोस्टाने घरी आली. मग राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून त्यावर अपोस्टिल करून घेतलं. भारतही त्या अपोस्टिलच्या करारात २००५ पासून आहे. म्हणजे ताईचा कागद तिकडे न्यायचा झाला तर आपल्याकडे राज्य शासनाची आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर लागते.

तिकडेही सगळं आलबेल नाही बरं का. राज्याच्या ऑफिसात कॅलिफोर्नियाच्या घटस्फोटांची नोंद आहे ती फक्त १९६२ ते जून १९८४ पर्यंतची. बाकी सगळं त्या त्या काउंटीत. काउंटी माहीत नसेल तर तुम्ही आमच्यासारखेच वडाचं झाड आठवत बसणार.

पण भाऊजींच्या कागदाला एक आणखी परीक्षा होती. परदेशी कोर्टाचा घटस्फोट इथे चालतो का? १९९१ चा नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी हा निकाल यासाठी वाचण्यासारखा आहे. लग्न तिरुपतीला १९७५ मध्ये झालेलं. नवऱ्याने घटस्फोट आणला अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या सेंट लुईस काउंटीच्या कोर्टातून, आणि बायकोने त्याच्यावर द्विभार्येची फिर्याद केली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यातली कारणं आणि तिथलंच अधिकारक्षेत्र असायला हवं. अपवाद आहेत. उदाहरणार्थ, दुसऱ्या बाजूने स्वखुशीने त्या कोर्टात येऊन संमती दिली असेल तर. भाऊजींच्या पहिल्या पत्नीने तिकडे स्वतः सही केली होती, म्हणून आमची गाडी पुढे गेली. आणि गंमत म्हणजे त्याच निकालात झेरॉक्सवरही चर्चा आहे! तिथल्या क्लार्कने प्रमाणित केलेली फोटोकॉपी पुरेशी नाही, आपल्या सरकारच्या तिथल्या प्रतिनिधीचं प्रमाणपत्रही हवं, असं कोर्टाने सांगितलं. एका शिक्क्यावर माणसाचं संसारी असणं-नसणं ठरतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

आता रागाबद्दल.

ताईला तिच्या स्वतःच्या आयुष्यातल्या एका घटनेचा पुरावा मिळवायला तीन आठवडे, चार रजा आणि एक भाऊ लागला. (कुठल्या कोर्टाच्या किती खेपा ते सांगत नाही. तिथला कारकून भला होता, आमचीच माहिती अर्धवट होती.) हे सगळं करून मिळालेला कागद तिला नोंदणी ऑफिसात, पुढे व्हिसासाठी, कदाचित बँकेतही दाखवावा लागणार. दर वेळी समोरचा माणूस तो वाचणार. ताईचा निकाल परस्परसंमतीचा, साधा. ज्यांची केस भांडून झाली, ज्यांच्या निकालपत्रात मारहाण, संशय, शरीराचे दोष असं सगळं लिहिलेलं आहे, त्यांनी ते किती टेबलांवर ठेवायचं?

आमच्या धंद्यात याला डिझाइनची चूक म्हणतात. लग्नाचं रजिस्टर म्हणजे एक टेबल आहे ज्यात सुरुवातीची तारीख आहे, पण शेवटच्या तारखेचा कॉलमच नाही. नोंदवहीच्या लेखी ताई अजून चिंचवडच्या घरातली सून आहे.

आणि हे करता येत नाही असं अजिबात नाही. पारशी विवाह व घटस्फोट कायदा १९३६ चा. त्यात कलम १० आहे: कोर्टाने घटस्फोट दिला की हुकूमनाम्याची प्रत विवाह निबंधकाकडे पाठवायची आणि त्याने ती रजिस्टरमध्ये नोंदवायची. जवळजवळ नव्वद वर्षं झाली. शेजारी गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी नोंदणीत लग्नाच्या नोंदीवरच घटस्फोटाचा शेरा पडतो. मग आपल्याला काय हरकत आहे?

माझं म्हणणं एवढंच. निकाल झाला की कोर्टाने लग्न नोंदवलेल्या ऑफिसला कळवावं, मग ती ग्रामपंचायत असो की महापालिका. तिथून एक पानाचा दाखला मिळावा: दोन नावं, लग्नाची तारीख, ते संपल्याची तारीख, केस नंबर. कारण नको, आरोप नकोत, पोटगीचा आकडा नको. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, तिथे तो ठेवता यावा. तोपर्यंत, जिथे चालेल तिथे निकालपत्र न दाखवता हुकूमनामाच दाखवा.

यावर माझा एक मित्र म्हणाला, "मग अमेरिकेसारखं सगळं खुलंच करा ना. लग्न जमवताना लोक फसवतात. आधीचं लग्न लपवतात." मुद्दा खरा आहे. फसलेली माणसं मीही पाहिलीयत. तिकडे कोर्टाच्या फाइली साधारणपणे कोणालाही बघता येतात, आणि त्यावर खासगी कंपन्या नाव टाका, पैसे भरा, घटस्फोट बघा असा धंदा करतात. पण मला ते नको वाटतं. सोमाटण्यासारख्या गावात एखाद्या मुलीचं नाव टाकून कोण कोण बघेल ते मी आत्ता सांगू शकतो, आणि त्यात लग्न जमवणारे सगळ्यात कमी असतील. ज्याचा कागद आहे त्याने नंबर द्यावा, समोरच्याने तो खरा की खोटा एवढं पडताळावं. मालकाला कागद सहज मिळावा, बाकीच्यांना नाही. आत्ता बरोबर उलटं आहे. गावाला सगळं माहीत असतं आणि ताईकडे कागद नसतो!

एक गोष्ट सुधारलीय तेही सांगायला हवं. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जात घटस्फोटितांना जोडीदाराचं नाव द्यावं लागत नाही आणि हुकूमनामाही जोडावा लागत नाही. म्हणजे ठरवलं तर होतं.

जाता जाता, भांडून झालेला निकाल असेल तर दुसऱ्या लग्नाआधी अपिलाची मुदत संपलीय का ते बघा. कलम १५ त्यासाठीच आहे, आणि कलम २८ मध्ये मुदत ९० दिवसांची दिलीय. वकिलाला विचारूनच तारीख ठरवा. मी इंजिनियर आहे, वकील नाही.

गेल्या बुधवारी नक्कल हातात आली. घरी आल्यावर ताईने ती मामांसमोर टेबलावर ठेवली. मामांनी चष्मा लावला, पूर्ण वाचली, बारा वर्षांत पहिल्यांदाच. मग उठले, आत गेले आणि कपाटातली प्लास्टिकची फाइल घेऊन आले, ज्यात ताईची दहावी-बारावीची मार्कलिस्टं आहेत. म्हणाले, "यात ठेव. माळ्यावर नको."

असो. चहा गार झाला. तुमच्याही घरी असा एखादा कागद माळ्यावर असेल तर या रविवारी खाली काढा.